खेळाची गोडी: ती कशी लागते आणि कशी टिकते

संध्याकाळीं शाळा सुटली म्हणजे आपल्या गांवांतील मुलें कोठें जातात, हें वाचकांनीं कधीं लक्षपूर्वक पाहिलें आहे काय? आठ-दहा वर्षांचीं मुलें घरांत दप्तर टाकून तशींच बाहेर पळतात. त्यांस "जा, खेळ" असें कोणी सांगावें लागत नाहीं. उलट "आतां पुरे, घरीं ये" असें आईला चारदां ओरडावें लागतें. चौदा-पंधरा वर्षांचीं मुलें मात्र पारावर किंवा दुकानाच्या ओट्यावर हातांत मोबाईल घेऊन बसलेलीं आढळतात. चार-पांच वर्षांपूर्वीं हींच मुलें अंधार पडेपर्यंत मैदान सोडीत नव्हतीं. पाय तेच आहेत, मैदानही तेंच आहे. मग मधल्या काळांत आंतील कोणती गोष्ट विझली?

हा प्रश्न केवळ आपल्या गांवाचा नव्हे. इ. स. २०१६ सालच्या माहितीवरून जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनीं असा अंदाज केला कीं, जगांतील ११ ते १७ वर्षांच्या दर १०० मुलांपैकीं ८१ मुलें शरीरास अवश्य तितकी हालचाल करीत नाहींत. एकट्या मुलींचें पाहिलें तर हें प्रमाण १०० त ८५ इतकें होतें. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असा त्या संघटनेचा सल्ला आहे. सल्ला तर सर्वांस ठाऊक आहे. तथापि सल्ल्यानें कोणी खेळूं लागत नाहीं, हें आईबाप व शिक्षक रोजच अनुभवितात.

म्हणून प्रस्तुत पाठांत दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. पहिला, मनुष्य खेळूं कां लागतो? दुसरा, तो खेळत कां राहतो? हे दोन प्रश्न एकच आहेत असें पुष्कळांस वाटतें, परंतु तसें नाहीं. चूल पेटविण्यास एक काडी पुरते. ती पेटती ठेवण्यास मात्र सरपण लागतें.

१. खेळाची सुरुवात

लहान मूल खेळास लागतें त्याचीं कारणें बहुधा साधीं असतात: देखादेखी, सोबत आणि सोय.

देखादेखीचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतीलच घेऊं. कऱ्हाडजवळील गोळेश्वर गांवीं इ. स. १९२६ सालीं खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. त्यांचे वडील दादासाहेब हे स्वतः पहिलवान होते. घरांत कुस्तीचें बोलणें, अंगणांत दंड-बैठका, जत्रेंत हलगीचा आवाज आणि आखाड्याची लाल माती, अशा वातावरणांत ज्या मुलाचे डोळे उघडले त्याला कुस्तीचे फायदे समजावून सांगण्याची गरज काय? बाप जें प्रेमानें करतो, तें मूल पाहतें आणि करूं लागतें. उलट, जो बाप स्वतः संध्याकाळभर खाटेवर पडून "जा, मैदानावर जा" म्हणतो, त्याचा शब्द मूल ऐकतें खरें, पण शिकतें तें त्याचें पडून राहणें.

सोबतीविषयीं फार लिहिणें नको. लगोरी, आट्यापाट्या, खो-खो हे खेळ एकट्यानें होतच नाहींत. शेजारचा मुलगा हांक मारतो, म्हणून आपला मुलगा उठतो. प्रारंभीं त्याला खेळापेक्षां सोबत्याचीच ओढ अधिक असते, आणि तीत कांहीं वाईट नाहीं.

सोय म्हणजे जें हाताशीं आहे तें. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत धांवूं लागल्या त्याचें एक कारण असें कीं, धांवण्यास महाग साहित्य लागत नाहीं. पायांत बूट नसले तरी अनवाणी धांवतां येतें. याच कविता राऊत यांनीं इ. स. २०१० सालीं दिल्ली येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत १०,००० मीटर शर्यतींत कांस्यपदक मिळविलें, व त्याच वर्षीं चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेंत याच अंतराच्या शर्यतींत रौप्यपदक मिळविलें. "आमच्या गांवांत साहित्य नाहीं, म्हणून खेळ नाहीं" असें म्हणणाऱ्यांनीं या पाड्याची आठवण ठेवावी.

२. एक चूक, व तीपासून मिळालेला धडा

येथें मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं मी एका लहान गांवीं राहत होतों. तेथील तीस-बत्तीस मुलें रोज पहाटे ओढ्यापासून वेशीपर्यंत धांवत असत. त्यांस कोणी बोलावीत नसे. एकमेकांच्या दारांत जाऊन तीं हांक मारीत, धांवत, आणि विहिरीवर हातपाय धुऊन घरीं जात. हें पाहून मला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या भरांत मीं ठरविलें कीं, या मुलांस उत्तेजन द्यावें. थोडी वर्गणी जमविली, दर शनिवारीं पहिल्या तिघांस रोख बक्षीस देण्याचें जाहीर केलें, व शाळेच्या फळ्यावर सर्वांचे क्रमांक लिहूं लागलों.

पहिले दोन शनिवार मैदान फुललें. पलीकडच्या वाडीचीं मुलेंही आलीं. तिसऱ्या आठवड्यापासून संख्या घटूं लागली. दोन महिन्यांनीं पांच-सहा मुलें उरलीं; ज्यांना बक्षिसाची आशा होती तींच. पुढें वर्गणी संपली, बक्षीस बंद झालें, आणि तींही येईनाशीं झालीं. पहाटेची ती वाट ओस पडली.

कांहीं वर्षांनीं त्यांतील एक जण मला एस. टी. त भेटला. सर्वांत आधीं यावयाचा थांबला होता तो हाच. मीं त्याला कारण विचारलें. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही फळ्यावर नंबर लिहायला लागलात, तेव्हा मला कळलं की मी शेवटचा आहे. त्याआधी मी नुसता धावत होतो."

हें उत्तर मीं अद्यापि विसरलों नाहीं. मीं त्या मुलांस कांहीं देत आहें असें मला वाटत होतें. वस्तुतः मीं त्यांच्याजवळचें कांहीं काढून घेतलें.

माझ्या हातून अजाणतां जें घडलें तेंच अमेरिकेंतील तीन मानसशास्त्रज्ञांनीं पूर्वींच प्रयोग करून दाखविलें होतें. इ. स. १९७३ सालीं मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनीं एका बालवाडींतील, आपण होऊन आवडीनें चित्रें काढणारीं मुलें निवडलीं. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटास आधींच सांगितलें कीं, चित्र काढलें तर छानसें प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटास आधीं कांहीं न सांगतां शेवटीं तेंच प्रशस्तिपत्र दिलें. तिसऱ्यास कांहींच दिलें नाहीं. एक-दोन आठवड्यांनीं त्यांस मोकळें सोडून पाहिलें, तेव्हां ज्यांनीं बक्षिसाच्या कबुलीवर चित्रें काढलीं होतीं, तीं मुलें इतरांच्या मानानें सुमारें निम्माच वेळ चित्रें काढूं लागलीं. ज्यांस अकस्मात् कौतुक मिळालें त्यांची आवड मात्र कमी झाली नाहीं.

यावरून बक्षीस मुळींच देऊं नये असें कोणी समजूं नये. जत्रेंत लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लावतात. त्या मूठभर रेवड्यांसाठीं कोणी पहिलवान झाला नाहीं. ती सर्व गांवानें दिलेली शाबासकी आहे. जें कौतुक "तूं चांगलें केलेंस" असें सांगतें तें बळ देतें. जें बक्षीस "हें मिळावें म्हणूनच तूं हें कर" असें सांगतें, तें मुलाच्या मनांतील मूळचें कारण हुसकून लावून स्वतः त्याच्या जागीं बसतें. आणि बक्षीस गेलें म्हणजे मागें कांहींच उरत नाहीं.

३. मनाच्या तीन भुका

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास करून इ. स. १९८५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मनुष्य एखादें काम आपल्या अंतःकरणाच्या ओढीनें केव्हां करीत राहतो, याविषयींचा त्यांचा विचार थोडक्यांत असा कीं, मनाला तीन भुका असतात. त्या भागल्या तर गोडी टिकते, न भागल्या तर आटते.

पहिली भूक स्वेच्छेची. हें मी माझ्या मर्जीनें करीत आहें, असें मनुष्याला वाटलें पाहिजे. शिक्षकानें खेळांच्या तासाला रोज शिट्टी फुंकून एकच कवाईत करून घेतली, तर मुलांचे हातपाय हलतील, मन हलणार नाहीं. आज कबड्डी कीं लंगडी, एवढें जरी मुलांस ठरवूं दिलें, आणि नायक पाळीपाळीनें नेमला, तरी खेळ त्यांचा होतो.

दुसरी भूक कौशल्याची. काल जमलें नाहीं तें आज थोडें जमूं लागलें, हा अनुभव फार गोड असतो. आपल्या तालमींतील वस्तादांस हें गुपित पिढ्यान्-पिढ्या ठाऊक आहे. नवा मुलगा आला कीं त्यास ते तयार पहिलवानाच्या अंगावर सोडीत नाहींत. आधीं दंड-बैठका, मग एक-दोन सोपे डाव, मग बरोबरीच्या पोराशीं झोंबी. फडांतही जोड लावतांना पंच दोघांचें अंगमान पाहूनच हातांत हात देतात. अतिशय सोपें असेल तर कंटाळा येतो, अतिशय अवघड असेल तर धीर सुटतो. या दोहोंच्या मधील वाट शोधून देणें हेंच शिकविणाऱ्याचें काम.

तिसरी भूक आपलेपणाची. येथें माझी गरज आहे, मी न आल्यास कोणी विचारील, असें वाटणें. शेवटीं येणाऱ्या त्या मुलाला पहाटे दारांत येणारी हांक हवी होती. फळ्यावरील क्रमांकानें ती हांक बुडविली.

४. तुलना कोणाशीं करावी

खेळांत चुरस असावयाचीच. हार-जीत नसेल तर खेळाची लज्जतच जाईल. प्रश्न एवढाच कीं, आपण पुढें गेलों हें खेळणाऱ्यानें कोणत्या मापानें मोजावें? जॉन निकोल्स या संशोधकानें इ. स. १९८४ सालीं दाखविलें कीं, माणसें दोन मापें वापरतात. एक माप म्हणजे दुसऱ्यापेक्षां मी वरचढ आहें काय. दुसरें म्हणजे कालच्यापेक्षां आज मी सुधारलों काय. पहिल्या मापानेंच जो आपणांस मोजतो, तो जिंकत आहे तोंपर्यंत उत्साही असतो; हार होऊं लागली कीं तो सबबी शोधतो किंवा खेळ सोडतो. दुसरें माप ज्याच्या हातीं आहे त्याला हारही कांहीं शिकवून जाते.

खाशाबा जाधवांचेंच उदाहरण पुढें चालवूं. इ. स. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ते गेले. लाल मातींत घडलेल्या या मल्लास तेथें गादीवर, परक्या नियमांनीं लढावें लागलें, आणि त्यांचा क्रमांक सहावा आला. पदकाच्या मापानें पाहिलें तर ते रिकाम्या हातांनीं परतले. परंतु त्यांनीं कुस्ती सोडली नाहीं. पुढील चार वर्षें मेहनत केली, आणि इ. स. १९५२ सालीं हेलसिंकी येथें वरच्या वजनगटांत उतरून कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें वैयक्तिक खेळांतील तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्यानंतर असें दुसरें पदक मिळण्यास इ. स. १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षें वाट पाहावी लागली. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठीं लोकांनीं वर्गणी जमविली, व त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनीं आपलें घर गहाण टाकलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. अपयशानंतरही ज्याच्या पाठीशीं माणसें उभीं राहतात, त्याला पुन्हां उभें राहणें सोपें जातें.

५. शिकविणाऱ्याची जीभ

मुलें खेळ कां सोडतात याचा शोध करतांना एक कारण वारंवार पुढें येतें: मोठ्या माणसांचें बोलणें. अमेरिकेंतील रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मॉल यांनीं बेसबॉल शिकविणाऱ्या मार्गदर्शकांसाठीं एक छोटें शिक्षण तयार केलें. त्याचा सारांश असा कीं, प्रयत्न दिसला कीं शाबासकी द्यावी. चूक झाली कीं आधीं धीर द्यावा व मग नीट कसें करावें तें सांगावें. आणि रागें भरणें व शिक्षा करणें टाळावें. इ. स. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं, ज्या मुलांच्या मार्गदर्शकांस हें शिक्षण मिळालें नव्हतें, त्यांपैकीं दर १०० त २६ मुलांनीं पुढील वर्षीं खेळ सोडला. ज्यांच्या मार्गदर्शकांस मिळालें होतें, त्यांत सोडणारीं फक्त ५ निघालीं. आणि ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, या दोन प्रकारच्या संघांच्या हार-जितींत तसा फरक नव्हता. मुलें टिकलीं तीं जिंकल्यामुळें नव्हे, तर त्यांच्याशीं कोणी कसें बोललें त्यामुळें.

आपल्या मैदानांच्या कडेला उभे राहून "अरे, एवढंही जमत नाही?" असें आपण किती सहज बोलतों! बोलणारा घरीं जाऊन जेवतो व विसरतो. ऐकणारा तें शब्द उशाखालीं घेऊन निजतो.

६. मुलींविषयीं विशेष

वर दिलेले आकडे पाहतां मुलींचा विचार निराळा करणें अवश्य आहे. मुलींस खेळाची आवड नसते असें म्हणण्याची रीत आहे; परंतु ज्या वयांत त्यांचा खेळ सुटतो त्याच वयांत त्यांच्यावर काय काय येऊन पडतें हें पाहावें. पाणी भरणें, भाकरी, धाकटीं भावंडें. मासिक पाळी, आणि मैदानाजवळ आडोशाची जागा नसणें. लोकांच्या नजरा व "आता मोठी झालीस" हें वाक्य. इतक्या भिंती उभ्या केल्यावर आवड नाहीं असें म्हणणें अन्यायाचें आहे.

सातारा जिल्ह्यांतील दुष्काळी माण तालुक्यांत मोही नांवाचें गांव आहे. तेथील ललिता बाबर शाळेंत प्रथम खो-खो खेळत. पुढें त्या धांवण्याकडे वळल्या. इ. स. २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकमध्यें ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी त्यांनीं गाठली व तीत दहावा क्रमांक मिळविला. धांवण्याच्या वैयक्तिक शर्यतींत ऑलिंपिकच्या अंतिम फेरींत भारतीय स्त्री दिसली ती इ. स. १९८४ मधील पी. टी. उषा यांच्यानंतर ३२ वर्षांनीं. प्रत्येक मुलगी ऑलिंपिकला जाणार नाहीं, आणि जावी हा उद्देशही नाहीं. परंतु संध्याकाळचा एक तास घरानें मुलीला मोकळा दिला, आणि मैदानावर एखादी वडीलधारी बाई बसली, तर किती मुली खेळतील याचा अनुभव घेऊन पाहावा.

७. गोडी मंदावते तेव्हां

अखेरचा मुद्दा मोठ्यांसाठींही आहे. आवड रोज सारखी राहत नाहीं. पाऊस येतो, सुगी येते, परीक्षा येते, आणि मन म्हणतें, "उद्यां पाहूं." अशा वेळीं नुसता निश्चय टिकत नाहीं, त्याला वेळ व जागा बांधून द्यावी लागते. इ. स. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांस व्यायामाचे फायदे सांगितले, तर दुसऱ्या कांहींकडून तेवढेंच सांगून शिवाय पुढील आठवड्यांत कोणत्या दिवशीं, किती वाजतां व कोठें व्यायाम करणार हें लिहवून घेतलें. नुसते फायदे ऐकलेल्यांपैकीं १०० त ३५ जणांनीं व्यायाम केला. दिवस व जागा लिहिलेल्यांपैकीं ९१ जणांनीं केला. उपदेश करणाऱ्या आम्हां लोकांनीं हा आकडा आपल्या टेबलावर लिहून ठेवण्याजोगा आहे!

सवय जडण्यास वेळ लागतो हेंही जाणून असावें. लंडन येथील इ. स. २०१० मधील एका अभ्यासांत नवी सवय अंगवळणीं पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८, तर कोणास २५४ दिवसांचा अंदाज निघाला. मध्यें एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाहीं. म्हणून एक दिवस चुकलेल्या मनुष्यानें स्वतःस दोष देत बसूं नये. दुसऱ्या दिवशीं मैदानावर जावें.

आणि एखादा खेळ अजीबात हातचा गेला तर? सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यांत असतांना मुष्टियुद्ध खेळत. इ. स. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांस कायमचें अपंगत्व आलें. मुष्टियुद्ध संपलें; त्यांनीं पोहणें धरिलें. इ. स. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्यें ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं भारताला पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. एक वाट बंद झाली तरी शरीराला जी वाट मोकळी आहे ती शोधावी, हें त्यांच्या चरित्रांतून शिकावें.

उपसंहार

वरील सर्व विवेचनाचें सार असें. मुलाच्या मनांत खेळाची गोडी आपण उत्पन्न करीत नाहीं. ती तेथें असतेच. आपल्या हातीं तिला जपणें किंवा विझविणें एवढेंच आहे. त्याला निवड द्या, त्याच्या बेताचें आव्हान द्या, त्याला हांक मारणारा सोबती द्या, आणि त्याची तुलना त्याच्या कालच्या दिवसाशीं करा. जो शेवटीं येतो त्याच्याकडे विशेष लक्ष द्या; कारण जो पहिला येतो तो आपल्यावांचूनही उद्यां येईल.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत कोणत्या वयाच्या मुलांनीं खेळ सोडला आहे? त्यांपैकीं दोघांस स्वतः विचारून कारण समजून घ्या.

२. गेल्या आठवड्यांत खेळणाऱ्या मुलास आपण काय बोललों? त्यांत धीर किती व दोष किती?

३. गांवच्या स्पर्धांतील बक्षिसें कोणास मिळतात? जो सुधारला पण जिंकला नाहीं, त्याचें कौतुक करण्याची कांहीं सोय आहे काय?

४. मुलींस रोज एक तास खेळतां यावा म्हणून घरांतील कोणतें काम कोणी उचलावें?

५. मी स्वतः येत्या आठवड्यांत कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोठें व कोणाबरोबर चालावयास किंवा खेळावयास जाणार? उत्तर कागदावर लिहा, व तो कागद दाराजवळ लावा.